असुआनोकरांची विनिपेगमधली पहिली कबर

ग्वेल्फ

मुलीकडे कॅनडात ग्वेल्फला जाऊन मला दोन महिने झाले होते आणि मी खिडक्या मोजून कंटाळले होते. मृणाल आणि जावई सकाळी आपापल्या गाड्या घेऊन निघून जात. मृणाल धान्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, जावई टोरोंटोच्या वाटेवर कुठेतरी. मागे मी, डिशवॉशर आणि समोरचं न वितळणारं बर्फ. रावेरला निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूगोल शिकवला. बसून राहायची सवय पायांना नाही. त्यात मृणालचं एकच पालुपद: "आई, आता बाबाही नाहीत. तू इकडेच शिफ्ट हो ना. मी स्पॉन्सर करते तुला." मी दर वेळी "बघू" म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे.

एप्रिलच्या शेवटी बर्फ गेलं आणि शेजारच्या अंगणात एक उंच, काळीसावळी बाई कुदळ घेऊन उतरली. मी कुंपणापाशी गेले. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये रोपं होती, ती मी पानांवरून ओळखली.

"वांगी?" मी विचारलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. इथे ते मराठीत देते आहे.

"आमची वांगी पांढरी असतात. अंड्यासारखी," ती म्हणाली. "तुमची?"

"हिरवी. भरताची."

ही कॉम्फर्ट. घानाची. वृद्धाश्रमात नर्सच्या हाताखाली काम करून आता निवृत्तीला आलेली, आणि तिच्या गावाच्या कॅनडातल्या संघटनेची अध्यक्ष. गावाचं नाव असुआनो. मी सातवीच्या वर्गाला घाना एका तासात शिकवत असे: कोको, सोनं, मोठं धरण, संपलं. असुआनो त्या तासात कधी आलं नव्हतं.

तिने माझा जन्मवार विचारला. गुरुवार म्हटल्यावर टाळी वाजवून म्हणाली, "मग तू या!" त्यांच्यात गुरुवारी जन्मलेली मुलगी 'या', मुलगा 'यॉ'. मला हसू आवरेना. दारात उभं राहून आपण जे म्हणतो, तेच माझं नाव ठरलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती कुंपणापाशी आली ती काळी ओढणी डोक्याला बांधून. त्यांच्या गावचा एक जण विनिपेगला वारला होता. ट्रक चालवायचा. छातीत दुखायला लागल्यावर त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, धोक्याचे दिवे लावले आणि तसाच गेला. वय चाळिशीच्या आतलं. मागे बायको आणि एक मुलगी.

"नाव काय त्याचं?"

"यॉ," ती म्हणाली. "गुरुवारचा."

संघटनेच्या वतीने ती व्हॅनने निघाली होती. रस्ता कुठून जातो, असं मी सहज विचारलं. "वरून. लेक सुपीरियरच्या काठाने. दोन दिवस."

उभी हयात मी फळ्यावर पाच सरोवरं काढली. सुपीरियर सगळ्यात मोठं, म्हणून त्याला निळा खडू जास्त लागायचा. मी कॉम्फर्टला विचारलं, "व्हॅनमध्ये जागा आहे?"

संध्याकाळी मृणाल माझ्याकडे बघतच राहिली. "आई, ओळखदेख नसलेल्या माणसाच्या मयताला तू दोन हजार किलोमीटर जाणार? आर यू सीरियस?"

"ओळखदेख असलेल्या माणसांकडे बसून तरी काय करतेय?" मी म्हणाले. ते तिला लागलं. मलाही लागलं. पण बॅग मी भरली.

सुपीरियरच्या काठाने

व्हॅन चालवायला होता कोफी. विंडसरच्या मोटार कारखान्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली होती, आणि नुकतीच त्याची पाळीच बंद झाली होती. नदीपलीकडे डेट्रॉइटचे दिवे बघत घरी बसणं त्याला सोसत नव्हतं, म्हणून संघटनेचं कुठलंही लांबचं काम निघालं की तो किल्ली मागायचा. आम्ही तिघंही तशी घरात न टिकणारीच माणसं होतो.

सडबरी ओलांडल्यावर शहरं संपतात. मग खडक, झाडं, पाणी, पुन्हा खडक. सू सेंट मरीच्या पुढे एका वळणावर डावीकडे ते दिसलं. मी "थांबवा" म्हणाले. कोफीने थांबवली. पलीकडचा काठ नव्हता. मी धावत खाली गेले, हात पाण्यात घातला आणि ओरडले. मे महिना होता आणि खडकांच्या सावलीत अजून बर्फ होतं. बोटं लाल झाली. वरून कॉम्फर्ट विचारत होती, "पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आहे का?" मी म्हटलं, "पुस्तकात थंडी लिहिलेली नाही."

जेवण तिने घरून आणलं होतं. माझ्यासाठी मासळी न घातलेला वेगळा डबा. भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, त्याला ते 'वाचे' म्हणतात. आणि पिकत आलेल्या केळ्याचे तुकडे आलं-मिरची लावून तळलेले. केळीच्या मुलखातली मी. केळ्याची भाजी, वेफर्स, शिकरण, सगळं झालेलं. पण केळ्याला असा झणका कोणी दिला नव्हता. मी डावा हात डब्याकडे नेला तसा कॉम्फर्टने तो हळूच बाजूला सारला. "उजवा." मी म्हटलं, "माझी आई अगदी हेच करायची." मग मी गाडीत चहाचा थर्मास कोफीच्या पुढ्यात डाव्या हाताने केला तर त्याने तो घेतलाच नाही.

वावा नावाचं गाव जवळ आलं तेव्हा रस्त्यात मूस उभा होता. घोड्याहून उंच, सांबरासारखा, निवांत. कोफीने करकचून ब्रेक दाबला. मूसला काही झालं नाही, आम्हालाही नाही. पण मागे शेंगदाण्याच्या रश्शाचं मोठं पातेलं उलटलं, ते थेट मयताच्या कपड्यांवर. तरण्या माणसाच्या मयताला ते लाल आणि काळं नेसतात. पांढरं फक्त पिकल्या पानासाठी. ते लाल-काळे तागेच्या तागे रश्शात भिजले.

कॉम्फर्ट रस्त्याच्या कडेला उभी राहून आपल्या भाषेत बरंच बोलली. कोफी मान खाली घालून ऐकत होता. मूस निघून गेला होता, म्हणून सगळं कोफीवर.

वावाच्या लाँड्रोमॅटमध्ये आम्ही दुपार काढली. मशीनच्या गोल काचेमागे लाल-काळं फिरत होतं, सगळीकडे शेंगदाण्याचा वास. कॉम्फर्टला बसवत नव्हतं. ती मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत फेऱ्या मारत होती. तशीच चालता चालता तिने मला संघटनेची सुरुवात सांगितली.

पुष्कळ वर्षांपूर्वी विंडसरला भाड्याच्या खोलीत एक माणूस मेला होता. इस्पितळात त्याचा देह पडून राहिला, नातेवाईक सापडेनात. इस्पितळात फरशी पुसणाऱ्या एका घानाच्या बाईने आडनावावरून मुलूख ओळखला, मुलखावरून गाव शोधलं आणि ओळखीतून ओळख काढत फोन केले. मूठभर माणसं जमली. सगळी असुआनोची. एकाच देशात राहून एकमेकांना माहीत नसलेली.

"शवागाराबाहेर आम्ही एकमेकांना विचारत होतो, तू कोणाची, तू कोणाचा," कॉम्फर्ट म्हणाली. "त्याला आम्ही घरी पाठवला. त्या दिवशी ठरवलं, आपलं कोणी इथे असं पडून राहणार नाही. प्रत्येकाला घरी पोचवायचं. बाकी सगळं नंतर आलं."

बाकी सगळं म्हणजे आधी कोणाच्या तरी बेसमेंटमधल्या सभा, मग शाळेचा हॉल. बारशी, उन्हाळ्यातली सहल, मुलांना त्यांची ट्वी भाषा शिकवायचा शनिवारचा वर्ग, गावच्या दवाखान्याला खाटा. विंडसर, टोरोंटो, ग्वेल्फ, आणि आता प्रेअरीच्या सपाट मुलखात कामगारांची नवी भरती सुरू झाल्यापासून विनिपेग. आणि अर्थात निवडणुका, रुसवे, दोन गट.

"सुरुवातीला भांडायलाही माणसं नव्हती," कोफी कपड्यांची घडी घालत म्हणाला. "आता भांडतो. म्हणजे वाढलो."

"या वेळी अडचण आहे," कॉम्फर्ट म्हणाली. "यॉची बायको त्याला पाठवायला तयार नाही. तिथेच पुरायचं म्हणते."

"बायको म्हणते तर—"

"आमच्यात देह बायकोचा नसतो, या. आईच्या कुळाचा असतो. मामाचा."

आपल्याकडे मामा म्हणजे लग्नात अंतरपाटामागे उभा राहणारा, भाच्याला सुट्टीत आंबे चारणारा. त्यांच्याकडे मूल आईच्या कुळाचं, म्हणून मामा हाच घरचा शेवटचा शब्द. यॉचा मामा असुआनोत बसून रोज फोन करत होता: माझ्या बहिणीचा मुलगा परत करा. आणि कॉम्फर्ट त्याच्या वतीने निघाली होती.

विनिपेग

खडक संपले आणि जमीन एकदम सपाट झाली, पोळपाटासारखी. आकाश चारही बाजूंनी खाली आलेलं. झाडांना अजून पालवी नव्हती, पण डास हजर होते.

अकोसुआचं घर एका जुन्या वस्तीतलं, लाकडी. ही यॉची बायको, तिशीतली असेल. बेसमेंटमध्ये बायका भात शिजवत होत्या. विनिपेगचे असुआनोकर मला वाटलं त्याहून पुष्कळ होते, बहुतेक तरुण. दारात सगळ्यांनी उजवीकडून सुरुवात करून रांगेने हात मिळवले. माझं नाव 'या' म्हटल्यावर अकोसुआने माझा हात क्षणभर जास्त धरून ठेवला.

कॉम्फर्ट पाणी प्यायली, प्रवास कशासाठी केला ते तिने रीतीप्रमाणे सांगितलं, आणि मग समजावायला लागली. मामा म्हातारा आहे. यॉच्या आईची कबर तिथे आहे. आजवर आम्ही एकालाही मागे ठेवलेलं नाही. कोफी माझ्या कानाशी थोडं थोडं इंग्रजीत सांगत होता.

अकोसुआने सगळं ऐकून घेतलं. ती रडत नव्हती. मांडीवर मुलीचं डोकं होतं. मुलगी सात-आठ वर्षांची, नाव अडवोआ. सोमवारची.

"मावशी, तुम्ही विंडसरच्या माणसाला घरी पाठवलंत," ती म्हणाली, "कारण त्याचं इथे कोणी नव्हतं. यॉचं इथे सगळं आहे. ही इथे आहे. मी इथे आहे. हिने बापाला भेटायला विमानात बसायचं का?"

"मामा—"

"मामाने त्याला बारा वर्षं पाहिलेलं नाही. मी त्याला रोज डबा बांधून दिला."

बेसमेंटमधली भांड्यांची खडखड थांबली. एका पोक्त बाईशी असं बोललेलं तिथे कोणाला चाललं नसणार. कॉम्फर्ट उठली आणि कोट न घालता बाहेर गेली. मी तिच्या मागे. तिने वस्तीला एक फेरी घातली, दुसरी घातली. मला तिच्या चालीने चालवेना.

"ती उद्धट आहे," ती म्हणाली. थोडं पुढे जाऊन, "ती खोटं बोलली नाही." आणखी पुढे, "तुमच्यात काय करतात? माणूस घरी आणता आला नाही तर?"

मी तिला माझ्या चुलत्यांचं सांगितलं. तापीच्या पुरात गेले, देह सापडला नाही. तेव्हा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. माझी काकू त्या पुतळ्याजवळ बसून खऱ्या माणसासाठी रडावं तशी रडली.

कॉम्फर्ट थांबली. "आमच्यातही आहे," ती म्हणाली. "लढाईत पडलेल्यांसाठी. देह आणता येत नसे, तेव्हा सोबती त्याचे केस आणि नखं कापून गावी आणत. ते पुरत. माझ्या आजीच्या काळातली गोष्ट."

त्यानंतर ती घरात आली. रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला. तिकडे दुपार होती. कॉम्फर्टने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. खोली भरलेली. मामाचा आवाज खरखरीत, सावकाश. मागे बकरी ओरडत होती. कोफी मला सांगत होता.

"निघाला का माझा मुलगा?"

"मामा, तो इथे राहील," कॉम्फर्ट म्हणाली. "त्याचे केस आणि नखं मी स्वतः घेऊन येते."

खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला. अकोसुआने मान वर केली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

 फोनमधून आला तो संतापच. "ते लढाईत मेलेल्यांसाठी असतं! तिथे लढाई चालू आहे का? तुला आम्ही सगळ्यांना घरी आणायला मोठी केली, आणि तूच त्याला टाकून देतेस?"

"टाकत नाही. त्याची मुलगी इथे आहे. तिला उचलून तिकडे आणता येत नाही."

"ती जमीन गोठते म्हणतात. माझ्या बहिणीच्या मुलाला बर्फात ठेवणार तुम्ही?"

 कॉम्फर्टने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. "या, तू भूगोल शिकवलास. जमीन किती गोठते?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. वर्गातही इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. "वरची गोठते," मी म्हणाले. "इथे पुष्कळ खोलवर गोठते. पण त्याच्याही खाली नाही. तिथे हिवाळ्यातही माती मातीसारखीच असते."

कोफीने ते मोठ्याने ट्वीत सांगितलं. मामाने विचारलं, ही कोण. कॉम्फर्ट म्हणाली, "हिंदुस्थानातली मास्तरीण. नाव या."

"मग गोठलेल्या जमिनीच्या खाली खणा," मामा म्हणाला. "जिथे गोठत नाही तिथे."

अकोसुआने दोन्ही हात तोंडावर धरले. इतके दिवस थांबलेलं रडू आता आलं, आणि भोवतीच्या बायका तिच्याकडे धावल्या.

मामा फोन ठेवेना. त्याला अडवोआशी बोलायचं होतं. मुलीने फोनपाशी तोंड नेऊन म्हटलं, "हाय, ग्रँडपा." त्याने पुष्कळ काही विचारलं. तिला कळलं नाही. ती "येस, येस" म्हणत राहिली.

"तिला भाषा शिकवा," शेवटी तो म्हणाला. आवाज आता थकलेला होता. "बापाच्या कबरीपाशी बसून ती बोलणार कशात?"

दफन त्या आठवड्यातच झालं. खणणाऱ्यांना कॉम्फर्टने खोलीबद्दल इतक्यांदा विचारलं की त्यातला एक वैतागून म्हणाला, "मॅम, इथे आम्ही कधीपासून माणसं पुरतोय." पाद्र्याने प्रार्थना म्हटली. मग एका म्हाताऱ्याने बाटलीतली जिन मातीवर थोडी थोडी ओतत पूर्वजांना हाका मारल्या. पाद्री तेवढा वेळ झाडाकडे बघत उभा राहिला. माझ्या पांढऱ्या साडीवर कॉम्फर्टने काळं कापड गुंडाळलं होतं. माती पुरुषांनी स्वतः ओढली. ती चिकट, काळी माती, आमच्या केळीच्या रानासारखी. कोफी थांबायलाच तयार नव्हता. त्याच्या हातातलं फावडं दुसऱ्याने काढून घ्यावं लागलं.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये सभा झाली. विनिपेगची शाखा त्या दिवशी रीतसर सुरू झाली. पहिला ठराव कबरीची देखभाल, दुसरा शनिवारचा ट्वीचा वर्ग. अध्यक्ष कोण, यावर लगेच वाद सुरू झाला.

परतताना

केस आणि नखांची छोटी पुडी कॉम्फर्टच्या हँडबॅगेत होती. ती बॅग तिने दोन दिवस खाली ठेवली नाही. जेवताना मांडीवर, वॉशरूमला जाताना माझ्या हातात.

थंडर बे आलं. ती म्हणाली, "मुलाला सांगणार आहे, मी गेले की मलाही ग्वेल्फलाच ठेव. नातवंडं तिथे आहेत."

कोफीने आरशातून पाहिलं. माझ्या मनात आलं, सुटली एकदाची.

वावा मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "नको. माझी आई तिकडच्या मातीत एकटी आहे."

सडबरीला पेट्रोल भरताना तिचं मत पुन्हा बदललं. कोफी म्हणाला, "मावशी, एक काहीतरी ठरवा." ती म्हणाली, "तू गाडी चालव." सरोवर मागे राहिलं होतं. ते पाहण्यासाठी मी निघाले होते, आणि परतताना त्याच्याकडे माझं फारसं लक्षच गेलं नव्हतं.

पुन्हा ग्वेल्फ

जुलैत कॉम्फर्ट घानाला जाऊन आली. मामाने पुडी उघडून पाहिली नाही, म्हणाली. छातीशी धरून खड्ड्यापर्यंत चालत गेला आणि स्वतः गुडघ्यांवर बसून आत ठेवली. अख्खं गाव जमलं होतं. कोणीतरी विनिपेगच्या कबरीचा फोटो मोबाइलवर फिरवत होतं. मामाने तो खूप वेळ पाहिला आणि विचारलं, "इतकं मोकळं रान? तिथे कोण राहतं?"

"आणि तू? बरं वाटलं घरी?" मी विचारलं.

"पहिला आठवडा फार. मग मला झोप येईना. वांग्यांना पाणी कोण घालतंय, बस वेळेवर येते का, असले विचार." ती हसली. "इथे उतरले त्या दिवसापासून पुन्हा तिकडची स्वप्नं."

माझं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. विमानतळावर जायच्या आदल्या संध्याकाळी मृणाल स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. मी पराठे लाटत होते.

"आई, शेवटचं विचारते. स्पॉन्सरशिपला अप्लाय करू का? नको असेल तर स्पष्ट सांग, मी परत विषय काढणार नाही."

"कर," मी म्हणाले.

तिने लाटणं धरलेला माझा हात घट्ट धरला. पिठाने तिचं घड्याळ माखलं.

"पण रावेरचं घर विकायचं नाही," मी म्हणाले. "आणि मला इकडे आणल्यावर दर वर्षी तिकडे जायला अडवायचं नाही."

"अगं, दोन्हीकडे कसं जमणार?"

"जमत नाहीच," मी म्हणाले. "पण माणसं करतात. मी बघून आलेय."